दवाखान्यातली सुई उकिरड्यावर येते कशी? चार रंगांच्या डब्यांची माहिती

इंजेक्शन दिल्यावर सुई कुठं टाकतात, हे आपण कधी बघत नाही. पण ती साध्या कचऱ्यात गेली तर आधी झाडणाऱ्या मावशीच्या हाताला टोचते, नंतर उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या पोराला. त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही होऊ शकतो.

यासाठी देशात 2016 पासून जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, खाजगी दवाखाना, लॅब, लसीकरण व रक्तदान शिबीर, एवढंच काय जनावरांचा दवाखानाही त्यात येतो.

कोणता कचरा कुठे?

पिवळा : रक्ताचे बोळे, पट्ट्या, बाळंतपणातील वार, मुदत संपलेली औषधे.
लाल : सलाईनच्या नळ्या व प्लास्टिक बाटल्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज.
पांढरा (न टोचणारा, पक्का डबा) : सुया, ब्लेड.
निळा : काचेच्या बाटल्या, फुटलेली इंजेक्शनची कुपी.

हा कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. तो घंटागाडीत टाकायचा नाही की मागच्या खड्ड्यात जाळायचा नाही. प्रक्रिया केंद्राची गाडी तो नेते.

कर्मचाऱ्यांनी काय पाळावं?

वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नये, टोचण्याचे बरेच प्रकार तिथंच होतात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो ठेकेदाराचा माणूस का असेना, कावीळ ब आणि धनुर्वाताची लस, हातमोजे, बूट व दरवर्षी प्रशिक्षण देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. डॉक्टर-नर्सला नियम पाठ असतात, पण पिशवी उचलणाऱ्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. खरी अडचण तिथं आहे.

सुई टोचलीच तर

जागा दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधे जितक्या लवकर तितकी बरी; 72 तासांनंतर उपयोग होत नाही. भीतीपोटी लपवू नका.

आपण काय करायचं?

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून जमा कराव्यात आणि आरोग्य केंद्रात विचारून द्याव्यात. गोठ्यात जनावराला टोचलेली सुई शेणखतात गेली, तर ती उद्या शेतात आपल्याच पायात जाते. उघड्यावर दवाखान्याचा कचरा दिसला तर हात न लावता फोटो काढा आणि ग्रामपंचायत, तालुका आरोग्य अधिकारी किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा.