विद्यापीठीय मूल्यमापन आणि विद्यार्थी चळवळ, मुंबई विद्यापीठ (२०२०)

कोविड-१९ महासाथीच्या काळात पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की पूर्वीच्या गुणांवरून पदवी द्यावी, या प्रश्नावर झालेली चळवळ. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील बहुसंख्य महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने तेथील विद्यार्थ्यांना या वादाची झळ प्रत्यक्ष पोहोचली.

पार्श्वभूमी : विद्यापीठाच्या मूल्यमापनावरील विश्वास महासाथीपूर्वीच डळमळला होता. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने अवलंबिली गेली. कुलपतींनी घातलेली ३१ जुलैची मुदत उलटून अनेक निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश खोळंबले, निदर्शने झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

वादाचे स्वरूप : मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल रोजी अंतिम परीक्षा जुलैमध्ये घेण्याची सूचना केली. महाराष्ट्र शासनाने मात्र १९ जूनच्या निर्णयाने, इच्छुकांना परीक्षेचा पर्याय ठेवून, अव्यावसायिक अभ्यासक्रमांच्या इतर विद्यार्थ्यांना मागील सत्रांच्या गुणांवर पदवी देण्याचे ठरविले. आयोगाने ६ जुलै रोजी सप्टेंबरअखेर परीक्षा पूर्ण करणे आवश्यक ठरविले. त्याच सुमारास, २ ते १९ जुलैपर्यंत, ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रांत पुन्हा कडक टाळेबंदी होती. उपनगरी रेल्वे केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी चालत असल्याने परीक्षाकेंद्र गाठणे हीच अनेकांपुढील मुख्य अडचण होती.

न्याय्य मूल्यमापनाच्या कल्पना परस्परविरोधी होत्या. युवासेना व परीक्षाविरोधी विद्यार्थी यांच्या मते आरोग्य, प्रवास व संगणकीय साधने यांबाबत विषमता असताना समान परीक्षा न्याय्य ठरत नव्हती. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने परीक्षा रद्द करण्यास विरोध केला. परीक्षेविना मिळालेल्या पदवीचे मोल घटेल, तसेच अखेरच्या सत्रात गुण सुधारण्याची संधी हुकेल, अशी परीक्षेच्या समर्थकांची भूमिका होती. अनुत्तीर्ण विषय शिल्लक असलेल्यांचा प्रश्न सरासरी गुणांच्या सूत्राने सुटणारा नव्हता.

न्यायनिर्णय : विविध राज्यांतील विद्यार्थ्यांच्या व युवासेनेच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी निर्णय दिला (प्रणीत के. विरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोग). न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी व न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरविली. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राज्याला परीक्षा लांबणीवर टाकता येईल, मात्र परीक्षेविना विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा भेद न्यायालयाने केला. मुदतवाढीसाठी आयोगाकडे अर्ज करण्याची मुभाही दिली.

परिणाम : मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये घरून देता येणाऱ्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. प्रवासाचा धोका त्यामुळे टळला. परंतु घरातील जागा, वीज, भ्रमणध्वनी व आंतरजाल यांतील विषमता कायम राहिली. तांत्रिक बिघाडामुळे दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या काही परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पदवीसाठी परीक्षा अनिवार्य असल्याचे तत्त्व न्यायनिर्णयाने प्रस्थापित झाले. सर्वांना ती समान परिस्थितीत देता यावी, ही अपेक्षा मात्र अंशतःच पूर्ण झाली.