मालमत्ता मध्यस्थाची ‘रेरा’ नोंदणी : कोणाला सक्तीची, कोठे अपुरी

घर-जमिनीचा व्यवहार जुळवून देणाऱ्यास आपण दलाल, एजंट, ब्रोकर अशा नावांनी ओळखतो आणि त्याच्याकडे ‘लायसन’ आहे का, अशी चौकशी करतो. कायद्याच्या दृष्टीने हा परवाना नसून नोंदणी आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’ या कायद्याच्या कलम ९ने ती सक्तीची केली असून हे कलम १ मे २०१७पासून अमलात आले.

कायद्याने केलेली मध्यस्थाची व्याख्या बरीच व्यापक आहे. कार्यालय थाटून बसलेलाच नव्हे, तर मोबदला घेऊन विक्रेत्याची व ग्राहकाची केवळ गाठ घालून देणाराही तीत येतो, मग ही गाठ फोनवरून पडलेली असो वा समाजमाध्यमावरून. ‘मी फक्त ओळख करून दिली’ हा नेहमीचा बचाव त्यामुळे टिकत नाही.

नोंदणीसाठी राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे विहित शुल्कासह अर्ज करावा लागतो. अर्जदाराचे छायाचित्र, पॅन आणि व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा ही मूळ कागदपत्रे. भागीदारी वा कंपनी असल्यास तिच्या स्थापनेचे दस्तऐवजही जोडावे लागतात. केंद्रीय कायद्यात शिक्षणाची वा परीक्षेची अट नाही. महाराष्ट्राने मात्र २०२३मध्ये मध्यस्थांसाठी प्रशिक्षण व परीक्षा आणली, आणि या धंद्यात फिरणारे पैसे पाहता ती पुष्कळ आधीच यायला हवी होती.

नोंदणी राज्यापुरतीच असते. दोडामार्ग वा सावंतवाडीच्या मध्यस्थाची महाराष्ट्रातील नोंदणी पेडण्यातील प्रकल्पात सदनिका विकण्यास उपयोगाची नाही. बेळगावहून येणाऱ्यालाही गोव्याची स्वतंत्र नोंदणी घ्यावी लागते.

मिळालेला क्रमांक प्रत्येक व्यवहारात नमूद करणे बंधनकारक आहे. कलम १०नुसार मध्यस्थाने नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीला हात लावायचा नाही, हिशेब व दप्तर ठेवायचे, खोट्या जाहिराती करायच्या नाहीत आणि ग्राहकाला ज्या कागदपत्रांचा हक्क आहे ती आरक्षणाच्या वेळीच उपलब्ध करून द्यायची. कलम ९ किंवा १०चा भंग झाल्यास दररोज १०,००० रुपये दंड होऊ शकतो. तो साचत जाऊन संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. नोंदणी फसवणुकीने मिळवल्याचे आढळल्यास ती रद्द होते. दलाली किती टक्के असावी, हे मात्र कायदा सांगत नाही. ती आधी लेखी ठरवून घेतलेली बरी.

आता गोव्यातील ग्राहकाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. मध्यस्थावरील ही सक्ती ‘रेरा’त नोंदवलेल्या प्रकल्पांतील विक्रीपुरतीच आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यात आठपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्याला नोंदणीची गरज नसते. वाड्यावरचे जुने घर, वडिलोपार्जित भाटातील हिस्सा, एखादा सुटा भूखंड हे व्यवहारही या चौकटीबाहेरच राहतात, आणि आपल्याकडे दलालांची वर्दळ नेमकी तेथेच अधिक. अशा व्यवहारात मध्यस्थाने अभिमानाने दाखवलेला रेरा क्रमांक जमिनीच्या मालकीविषयी काहीही सिद्ध करत नाही. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांचा छडा लावण्यासाठी राज्य सरकारला २०२२मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, हे विसरता येणार नाही.

म्हणून तेथे वकिलाकडून मालकीचा शोध घ्यावा. नमुना १ व १४ वरील नावे, कूळ वा मुंडकाराचा हक्क, जमीन कोमुनिदादची आहे काय, रूपांतराची सनद आहे काय, हे पाहणे मध्यस्थाच्या भरवशावर सोडू नये. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला हस्तांतरित करण्यावर २०२३च्या राज्य कायद्याने निर्बंध घातले आहेत. ‘नंतर बघून घेऊ’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाला तेथेच निरोप द्यावा.

नोंदवलेल्या प्रकल्पाबाबत पडताळणी सोपी आहे. मध्यस्थाचा आणि प्रकल्पाचा असे दोन्ही क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासावेत. एकच क्रमांक दाखवला जात असेल तर दुसरा मागून घ्यावा. करार नोंदवण्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मध्यस्थाने कायद्याचा भंग केल्यास कलम ३१खाली त्याच्याविरुद्धही प्राधिकरणाकडे तक्रार करता येते.