वसईच्या घंटा

उत्तर कोकणातील पोर्तुगीज चर्चांच्या मनोऱ्यांवर एके काळी वाजणाऱ्या आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केल्यानंतर विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रातील देवालयांत टांगण्यात आलेल्या ख्रिस्ती घंटा. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या स्वाधीन केल्यापासून दोन शतके तेथे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आदी पंथीयांची चर्चे नांदत होती. घंटा ही त्यांची जंगम मालमत्ता खरी. परंतु मध्ययुगापासून चालत आलेल्या रोमन विधीप्रमाणे तिला मंत्रपूत जलाने स्नान घालून, तैलाभ्यंग करून, क्वचित एखाद्या संताचे नावही देण्यात येत असल्यामुळे ती निव्वळ मालमत्ता उरत नसे.

१६ मे १७३९ रोजी पोर्तुगीज सेनाधिकारी कायतानो द सौझा पेरैरा याने शरणागतीच्या तहावर सही केली व घंटांचा पहिला मालक बदलला. जिंकलेल्या नगरातील घंटांवर तोफखान्याच्या अधिकाऱ्याचा हक्क असावा, असा युरोपातीलच जुना युद्धाचार होता. कारण घंटा व तोफ दोन्ही तांबे-कथलाच्या मिश्रणाच्या, आणि एक वितळवून दुसरी ओतणे सोपे. धातूची अशी अवजड लूट दूरवर वाहून नेणे दख्खनलाही नवे नव्हते : बार्शीलगतच्या परांड्याची मुलूख-मैदान तोफ आदिलशाहीने १६३२ मध्ये विजापुरास नेली, हे सोलापूर प्रांतात सर्वश्रुत आहे.

मराठ्यांनी मात्र या घंटा देवांना वाहिल्या. नाशिकला गोदातीरी नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या तटावरील घंटेवर १७२१ हे साल आहे. गोदावरीचा पूर तिला टेकला की तो महापूर, असे नाशिककर मानतात. भीमाशंकर व पाली येथील घंटाही वसईच्याच म्हणून दाखविल्या जातात. वाईजवळील मेणवलीच्या घाटावर, दगडी घुमटीत टांगलेली सुमारे ६५० किलो वजनाची घंटा या सर्वांत बोलकी : तिच्या अंगावर बालयेशूला घेतलेली मरियमेची उठावातील आकृती असून १७०७ हा ओतकामाचा आकडा आहे. लोक तिला पंचधातूची म्हणतात. युरोपीय घंटाकाराचे प्रमाण सामान्यतः चार भाग तांबे व एक भाग कथील असे असे. हा घाट बांधणारे पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांचा जन्मच १७४२ चा आणि मेणवली त्यांना १७६८ मध्ये इनाम मिळाली. तेव्हा ही घंटा वसईहून थेट नानांच्या घाटावर आली, ही समजूत टिकत नाही. मधली किमान एकोणतीस वर्षे ती अन्य कोणाच्या तरी ताब्यात होती, हे उघड आहे.

मालकी बदलली तरी काम बदलले नाही, हे या घंटांचे वैशिष्ट्य मानावे लागते. याउलट स्पेनमधील मुस्लिम सेनानी अल्-मन्सूरने ९९७ मध्ये सांतियागोच्या चर्चमधून कॉर्डोबास नेलेल्या घंटांचे तेथील मशिदीत दिवे झाले आणि १२३६ मध्ये कॉर्डोबा जिंकल्यावर तिसऱ्या फर्डिनंडने त्या सांतियागोस परत धाडल्या. वसईच्या घंटा परत गेल्या नाहीत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावरही त्या जागच्या हलल्या नाहीत. मंदिरांतील घंटांची वहिवाट देवस्थानांकडे, तर मेणवलीचा वाडा नानांच्या वंशजांकडे राहिला.