निवाड्यापासून चिन्हापर्यंत : कोशर प्रमाणनाच्या इतिहासातील ग्राहक

कोकणातील बेने इस्राएल समाजात एक आख्यायिका पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. दावीद रहाबी नावाच्या यहुदी प्रवाशाने या लोकांच्या यहुदीपणाची पारख करण्यासाठी तेथील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. स्त्रियांनी पंख व खवले असलेले मासे तेवढे रांधावयास घेतले आणि उरलेले बाजूस सारले. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनवार तेल्यां'ना धर्मग्रंथाची वाचनपरंपरा उरलेली नव्हती. आहारनियम मात्र स्त्रियांच्या हाताला ठाऊक होता. आख्यायिकेची ऐतिहासिकता वादग्रस्त असली, तरी तिच्यातील गृहीतक महत्त्वाचे आहे : पदार्थ डोळ्यांसमोर आहे आणि निवडणाऱ्यास तो ओळखता येतो. कोशर प्रमाणनाचा आधुनिक इतिहास हे गृहीतक मोडले तेथून सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या यहुदी कुटुंबांना खाटिकाच्या शब्दावर विसंबावे लागे. या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी 1888 मध्ये रब्बी जेकब जोसेफ यांना मुख्य रब्बी म्हणून पाचारण करण्यात आले. कोशर कोंबडीला शिशाची मोहोर लावून तिच्यामागे एक सेंट आकारण्याची पद्धत सुरू होताच असंतोष उसळला. झारच्या रशियातील मांसावरील कराचीच आठवण लोकांना झाली. पुढे मे 1902 मध्ये कोशर मांसाचा भाव पौंडामागे 12 सेंटांवरून 18 सेंटांवर गेला, तेव्हा लोअर ईस्ट साइडमधील गृहिणींनी बहिष्कार पुकारला. धर्मनियम पाळणारी स्त्री बाजारभावाविषयीही बोलू शकते, हे या आंदोलनाने दाखवून दिले.

त्यानंतर राज्यसंस्था या क्षेत्रात उतरली. न्यूयॉर्क राज्याने 1915 मध्ये 'कोशर' या शब्दाच्या फसव्या वापराविरुद्ध कायदा केला व 1925 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. परंतु कोशर कशास म्हणावे हे न्यायालयाने ठरवणे म्हणजे धर्मग्रंथाचा अर्थ लावणेच होय. याच कारणास्तव 2002 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने राज्याच्या कायद्यातील संबंधित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

दरम्यान पदार्थ कारखान्यात गेला होता. 1898 मध्ये स्थापन झालेल्या ऑर्थोडॉक्स युनियनने 1923 मध्ये हाइन्झ कंपनीच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यांना मान्यता दिली. डब्यावर उघडपणे यहुदी ओळखीचा शब्द उत्पादकास नको होता. म्हणून वर्तुळातील 'यू' हे अक्षर आले. जाणत्यास बोलणारे आणि इतरांस मौन राहणारे असे हे चिन्ह होते.

अशा निर्णयामागे केवढी चिकित्सा असू शकते, याचे उदाहरण म्हणजे अटलांटाचे रब्बी टोबायस गेफेन यांनी 1935 मध्ये हिब्रूत प्रसिद्ध केलेला कोका-कोलाविषयीचा निवाडा. प्रश्नोत्तररूप निवाडा हा रब्बींच्या वाङ्मयातील प्राचीन प्रकार आहे. गुप्ततेच्या अटीवर कंपनीने घटकांची यादी दिल्यामुळे गेफेन यांनी ग्लिसरीन व मद्यार्क यांना 'मुर्येस' आणि 'अनिगरोन' ही तालमूदमधील नावे दिली. शास्त्रार्थ पूर्ण राहिला आणि व्यापारी गुपितही सुरक्षित राहिले. पशुचरबीपासून काढलेल्या ग्लिसरीनचे प्रमाण अत्यल्प होते. तरीही हेतुपुरस्सर मिसळलेला घटक अल्प म्हणून नगण्य ठरत नाही, असा त्यांचा निर्णय होता. कंपनीने वनस्पतिजन्य ग्लिसरीन स्वीकारले. वल्हांडणाच्या सणासाठी धान्यजन्य मद्यार्काऐवजी ऊस वा बीट यांच्या साखरेपासून काढलेला मद्यार्क वापरण्याची तोड निघाली.

आज हीच चिकित्सा पूरक आहाराच्या गोळ्यांना लागू होते. जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचे जिलेटिन डुकराचे, गाईचे की माशाचे, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे बेने इस्राएल स्त्रियांची पारख येथे निरुपयोगी ठरते आणि निरीक्षकाच्या साक्षीवाचून गत्यंतर उरत नाही. या साक्षीचा ग्राहकही बदलला आहे. मुसलमान, शाकाहारी, दुधाची ॲलर्जी असलेले आणि चिन्ह म्हणजे स्वच्छतेची हमी असे मानणारे, असे अनेकजण ते वाचतात. परंतु प्रत्येकाचे वाचन वेगळे आहे. 'पारेव्ह' म्हणजे मांस व दूध या दोन्ही वर्गांबाहेरचे. त्यात मासा वा अंडे असू शकते. भारतीय शाकाहारी व्यक्तीने या शब्दाचा अर्थ 'शाकाहारी' असा घेतला, तर माशाच्या जिलेटिनची कॅप्सूल ती निःशंकपणे गिळेल. फसवणूक कोणीच केलेली नसेल. एका परंपरेचे चिन्ह दुसरीच्या संकेतव्यवस्थेत वाचले गेले असेल, इतकेच.

कोशर मालाच्या वाढत्या मागणीत यहुदी धर्माचा प्रसार पाहणे म्हणूनच चुकीचे ठरेल. अदृश्य घटकांच्या बाजारात ग्राहकाला साक्षीदार हवा असतो, ही त्या मागणीमागील प्रेरणा आहे. निवाड्यात साक्षीबरोबर तिची कारणेही वाचावयास मिळत. चिन्हात केवळ निष्कर्ष उरला. व्यवहाराची त्यामुळे सोय झाली, परंतु कारणे तपासण्याचा वाचकाचा अधिकार आक्रसला. त्या एका अक्षराचा इतिहास सांगणे म्हणजे वगळलेली कारणे पुन्हा वाचकाच्या हाती देणे होय.