बिब्ब्याचे बोंड



सूनबाईला सातवा लागला, म्हणून बाळंतपणाच्या लाडवांचे सामान काढून ठेवत होते. डिंक, खारीक, खोबरे, गोडंबी. तिने विचारले, "आई, गोडंबी म्हणजे नक्की कशाचं बी?" मी म्हटले, बिब्ब्याचे. तिने वाटी पटकन खाली ठेवली. "दारावर लिंबू-मिरचीबरोबर टांगतात, तो बिब्बा?"

तोच. कुणाच्या जुळत आलेल्या कामात घालतात, तोही तोच.

माझे माहेर शाहूवाडी तालुक्यातले, मलकापूरच्या पलीकडे, आंबा घाटाच्या वाटेवर. हिवाळ्यात शेताच्या बांधावरचे बिब्ब्याचे झाड नारिंगी बोंडांनी भरायचे. काजूसारखीच रचना असते त्याची. वर मांसल बोंड आणि खाली टोकाला काळा कुळकुळीत बिब्बा. बोंड गोड-तुरट, खाण्याजोगे. बिब्ब्याच्या टरफलात मात्र असे काळे तेल असते की कातडीला लागले तर फोड येतात. आणि त्या टरफलाच्या आत पुन्हा पांढरी, निरुपद्रवी गोडंबी! एकाच फळात खाणे, विष आणि परत खाणे.

आमच्याकडे ताक घेऊन येणाऱ्या धनगर मावशी ती बोंडे काढून, भाजून खायच्या. एकदा मी हट्ट धरला तेव्हा म्हणाल्या, "बोंड खा, पर खालच्या काळ्याला बोट लावायचं न्हाई. तुझं तू तोडायचं तर न्हाईच न्हाई." दुसऱ्या दिवशी मी माझे मीच तोडले. ओठ, गाल, पापण्या, सगळे उतले. आईने आठ दिवस खोबरेल लावले आणि बोलणी खाल्ली ती मावशींनी. चूक माझी होती, हे मी तेव्हा सांगितले नाही.

या तेलाचा इतिहास मोठा मजेदार आहे. चरकसंहितेत बिब्बा, म्हणजे भल्लातक, रसायन म्हणून येतो आणि अग्नीसारखा तीक्ष्ण असल्याची ताकीदही तिथेच आहे. अरबीत त्याला बलाधुर म्हणतात. नवव्या शतकात बगदादला अल-बलाधुरी नावाचा इतिहासकार होऊन गेला. सिंधवरच्या अरब स्वारीची हकीकत त्याच्याच ग्रंथात मिळते. स्मरणशक्ती वाढावी म्हणून बिब्ब्याचा रस घेतला आणि भ्रमिष्ट झाला, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. काही जण ही गोष्ट त्याच्या आजोबांवर ढकलतात. नातवाने बघितले असते, तर रोजकीर्दीत दुरुस्ती केली असती!

धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करायचे. चुना लावला की ती खूण धुतल्याने जात नाही. झाडाचे शास्त्रीय नाव सेमेकार्पस आहे, त्याचा अर्थही 'खुणेचे फळ' असाच. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर, बरोबर कपड्याची खूण जिथे टेकते तिथे, पुरळ उठू लागले. त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी 1943 साली कारण छापले, ते धोब्याचा बिब्बा. त्यांच्या देशातल्या अंगाला खाज आणणाऱ्या वेलीत याच जातीचे द्रव्य असते. आपला आंबासुद्धा याच कुळातला, म्हणून कैरीचा चीक ओठाला लागला की चरचरते.

आपल्यात अभक्ष्यांमध्ये अज्ञात फळ मोजतात. श्वेतांबर परंपरेतली वंकचूलाची कथा तुम्ही ऐकली असेल. ओळख नसलेले फळ खायचे नाही, एवढा नियम त्या दरोडेखोराने पाळला आणि रानात साथीदार विषारी फळांनी मेले तेव्हा तो एकटा वाचला. लहानपणी मला वाटायचे, हा नियम रानातल्या फळांविरुद्ध आहे. आता वाटते, तो न ओळखण्याविरुद्ध आहे. मावशींना ते बोंड अज्ञात नव्हते. त्यांच्या आईने दाखवले होते, तिला तिच्या आईने. आमच्या वाड्यात तोंडपाठ सूत्रे म्हणणाऱ्या बायका होत्या, पण हे एक झाड वाचता येणारी एकही नव्हती.

आणि दुसरी गोष्ट, जी मी चाळीस वर्षे लाडू वळताना विचारलीच नाही. गोडंबी काढायला बिब्बा फोडावा लागतो. विदर्भात बायका हे काम हातांनी करतात. राख, तेल लावूनही तेल उडते, बोटे काळी पडतात, सोलवटतात. आपण पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो. वाण्याच्या चिठ्ठीत गोडंबीपुढे फक्त भाव लिहिलेला असतो. मी कॉमर्सची, मला हा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा ते कळेना.

सूनबाई म्हणाली, "मग नको घालायला." मी म्हटले, आपण न घेतल्याने त्या बाईची मजुरी जाईल, हात बरे होणार नाहीत. यावर आमचे दोघींचे अजून एकमत झालेले नाही. यंदा लाडवात बदाम घातले आणि गोडंबीची वाटी फडताळात तशीच आहे.

गेल्या पौषात माहेरी गेले होते. बांधावरचे झाड अजून उभे आहे, खाली बोंडांचा सडा पडला होता. मावशी जाऊन बरीच वर्षे झाली. नात म्हणाली, "आजी, हे खातात ना?" मी एक उचलले, फिरवून पाहिले. कितपत पिकलेले चालते, किती भाजायचे, काळा भाग कुठून सोडवायचा, यातले काहीच मला खात्रीने सांगता येईना. ते काडीने बाजूला सारले आणि तिचा हात धरून पुढे निघाले.