केहिमकर : किनारा सोडून गेलेले आडनाव

१. हाईम सॅम्युएल केहिमकर. या नावातले पहिले दोन शब्द हिब्रू परंपरेतले आहेत. तिसरा आहे अलिबागच्या उत्तरेस असलेल्या किहीम गावाचा. हे विरळ आडनाव ज्या समाजाचे, तो कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू समाज.

२. समाजाची परंपरा सांगते की, पूर्वजांचे गलबत किहीमजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात जोडपी वाचली. ही घटना नेमक्या कोणत्या शतकातली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले.

३. आडनावांचे गणित या व्यवसायात दडलेले आहे. एका गावाला घाणे लागणार ते किती? त्यामुळे हा समाज गावोगाव थोड्या थोड्या घरांनी विखुरला. रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर, झिराडकर अशी त्यांची गावांवरून पडलेली आडनावे शंभराहून अधिक आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्रायल होते सुमारे २०,०००. म्हणजे एका आडनावामागे सरासरी दोनशे माणसेही येत नाहीत!

४. ‘कर’ या प्रत्ययाचा स्वभावही लक्षात घ्या. किहीममध्ये राहणाऱ्याला ‘केहिमकर’ म्हणून काय साधणार? तिथे सगळेच किहीमचे. हे नाव उपयोगी पडते ते गाव सोडल्यावर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्रायल मुंबईत येऊ लागले, इंग्रजांच्या पलटणीत शिरले. त्यांपैकीच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, अर्थात समाजी हसाजी दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले.

५. हाईम केहिमकर एकोणिसाव्या शतकातले. मुंबईत १८७५ मध्ये निघालेल्या इस्रायली शाळेच्या संस्थापकांत ते होते. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला. तो ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये, लेखकाच्या पश्चात, तेल अवीव येथे.

६. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी आवश्यक ठरवली. शनिवार पाळून ज्यांनी कोकणात पिढ्यानुपिढ्या आपले वेगळेपण जपले, त्यांनाच आता ज्यू असल्याचा पुरावा मागितला जात होता. जेरुसलेममध्ये आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानले.

७. २०११ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची संख्या सुमारे साडेचार हजार भरली. त्यांतले जवळपास निम्मे महाराष्ट्रात होते. आज बेने इस्रायल समाजाचा फार मोठा भाग इस्रायलमध्ये राहतो. काहींनी तेथे हिब्रू वळणाची आडनावे घेतली, काहींनी ‘कर’ तसाच ठेवला.

८. अशा समाजाकडे ताम्रपट वा बखरी फारशा नसतात. कोणत्या गावात कोणी घाणा चालवला, हे पुष्कळदा आडनावच सांगते. म्हणून विरळ आडनाव भेटले, तर त्यातले गाव नकाशावर अवश्य शोधा. तिथून निघालेल्या माणसांनी वाटेत सोबत काय नेले, ते त्या नावात टिकून राहिलेले असते.