सरासरीचा वारा

पवनऊर्जेचा इतिहास लिहिणारे अमेरिकेतील व्हर्माँटच्या ‘ग्रँडपाज नॉब’ या टेकडीपाशी थांबतातच. पामर पटनम यांनी तेथे उभारलेले 1250 किलोवॅटचे यंत्र ऑक्टोबर 1941 मध्ये वीजजाळ्याला जोडले गेले. फेब्रुवारी 1943 मध्ये मुख्य बेअरिंग निकामी झाले. युद्धाच्या टंचाईत दुसरे बसवायला दोन वर्षे गेली आणि मार्च 1945 मध्ये एक पातेच तुटून पडले. कथा बहुधा या पात्यापाशी संपवली जाते. मला तिचा निर्णायक भाग त्याआधीचा, कागदावरचा वाटतो.

टेकडी निवडली तेव्हा तिथल्या वाऱ्याची दीर्घ नोंद नव्हती. इतर ठिकाणचे आकडे आणि वाऱ्याने एका अंगाला झुकलेली झाडे यांवरून सरासरी वेग ताशी 24 मैल धरला गेला. प्रत्यक्षात तो 17 च्या आसपास भरला. फरक सात मैलांचाच. पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते आणि 17 चा घन 24 च्या घनाच्या जेमतेम 36 टक्के होतो. पटनम यांनी 1948 च्या आपल्या ग्रंथात हे झाकून ठेवले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

बरे, सरासरी अचूक असली तरी भागत नाही. एका जागी वारा सदैव सेकंदाला 6 मीटर वाहतो, दुसरीकडे निम्मा वेळ 3 आणि निम्मा वेळ 9. सरासरी दोन्हीकडे 6. पण घनांची सरासरी पहिलीकडे 216, दुसरीकडे 378. म्हणजे कोणता वेग किती तास टिकतो, त्या वाटपाला महत्त्व आले. त्यासाठी आज सर्रास वापरला जाणारा वक्र स्वीडनच्या वालोडी वायबुल यांचा. गंमत अशी, की त्यांच्या 1951 च्या निबंधातील उदाहरणांत पोलाद आहे, घेवड्याचे दाणे आहेत, हिंदुस्थानी कापसाचा धागाही आहे. वारा मात्र नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक अवघड. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पावसाळ्यात माणूस धड उभा राहू शकत नाही, पण त्या चार महिन्यांवरून वर्षाचा हिशेब मांडला तर फसगत ठरलेली. शिवाय जुन्या वेधशाळा बहुतेक शहरांत, झाडा-इमारतींच्या आडोशाला. पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणे घडवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या अ‍ॅना मणी यांनी निवृत्तीनंतर देशभरच्या वाऱ्याच्या नोंदी संकलित केल्या. 1983 मध्ये तो ग्रंथ निघाला. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मोकळ्या माळांवर आणि डोंगरमाथ्यांवर मनोरे उभारून मोजणी झाली.

पण जुन्या वेधशाळा मोडीत निघाल्या नाहीत. मनोऱ्याची नोंद वर्ष-दोन वर्षांची, आणि पावसाळा दरसाल वेगळा. म्हणून मनोऱ्याचे आकडे जवळच्या वेधशाळेच्या त्याच काळातील आकड्यांशी ताडून दोहोंचे गुणोत्तर काढतात आणि वेधशाळेची जुनी वहीखाती त्या गुणोत्तराने पुन्हा वाचतात.